इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड: दोन वर्षं वापरून झाल्यावर, मुख्यतः एका ‘ऱ’साठी

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे किल्ल्यांवरच्या एका पुस्तकाची फाइल मुद्रितशोधनाला आली. तीनशे पानं, सगळा सह्याद्री, त्यामुळे पानापानावर दऱ्या, पायऱ्या, कोपऱ्यातलं टाकं, वाऱ्याचा मारा, पहारेकऱ्यांच्या देवड्या. शेवटच्या घटकेला लेखकांना ‘दऱ्या-खोऱ्या’ मधली जोडरेघ नकोशी झाली, ‘दऱ्याखोऱ्या’ असा सलग शब्द हवा म्हणाले. दोन मिनिटांचं काम, फाइंड-रिप्लेस मारलं, १४ ठिकाणी बदल झाले असं स्क्रीनवर आलं, मी खूश. पुढचं पान उलटतो तर दऱ्या-खोऱ्या जोडरेघेसकट तिथेच. त्याच्या पुढच्या पानावरही. सगळी फाइल डोळ्यांनी वाचली तेव्हा आकडा ४१ वर गेला, म्हणजे कॉम्प्युटरला १४ दिसल्या आणि २७ त्याला दिसल्याच नाहीत, माझ्या डोळ्यांना मात्र एकही वेगळी दिसत नव्हती. फॉन्ट तोच, साइज तीच, भुवईसारखा तो अर्धा र सगळीकडे अगदी तसाच.

त्या रात्री मी इनस्क्रिप्ट शिकायला बसलो, म्हणून हा रिव्ह्यू. प्रॉडक्ट म्हणावं असं त्यात काही नाही खरं तर, हा लेआउट तुमच्या कॉम्प्युटरमधे आधीपासूनच पडून आहे, भाषेच्या सेटिंगमधे जाऊन मराठी चालू केलं की झालं, पैसे नाहीत, डाउनलोड नाही, जाहिरात नाही. १९८६ पासून आहे. बहुतेक लोक तो एकदा चालू करतात, क कुठंय ते सापडत नाही म्हणून पाच मिनिटांत बंद करतात आणि परत रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवणाऱ्या साधनाकडे जातात. मीही तसाच होतो, पंधरा वर्षं.

आधी तो र काय भानगड आहे ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं सगळं चऱ्हाट वाटेल. मराठीत र ला य किंवा ह जोडला की दोन प्रकार होतात. सूर्य, कार्य, दर्या मधे र डोक्यावर जातो, त्याला आपण रफार म्हणतो. दऱ्या, बऱ्याच, दुसऱ्या, तऱ्हा, बिऱ्हाड, कुऱ्हाड मधे तो डोक्यावर जात नाही, य किंवा ह च्या डावीकडे वाकडा लटकतो. हे सजावटीसाठी नाहीये, उच्चार वेगळा आहे. ‘दर्या’ म्हणताना र मागच्या द ला टेकतो आणि द वर जोर येतो. ‘दऱ्या’ म्हणताना र पुढच्या या कडे पळतो, द हलकाच राहतो. मोठ्याने दोन्ही म्हणून बघा, लगेच कळेल. आचार्यांना जेवायला बोलवायचं आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला, उलट झालं तर पंचाईत. हिंदीला या र ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीपुरता विचार करून केलेल्या साधनांमधे तो हमखास राहून जातो. आणि कुणाला वाटेल की हे दुर्मिळ अक्षर आहे, तर कुठलीही सरकारी नोटीस उघडा, अधिकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना शेतकऱ्यांच्या संदर्भात काहीतरी कळवलेलं असतं. एका वाक्यात तीन.

आता गंमत ही की एवढं रोज लागणारं अक्षर, पण कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत त्याला स्वतःचं घरच नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एक नंबर, र चा ०९३०, ळ चा ०९३३, वगैरे. या अर्ध्या र ला नंबर नाही, कारण जोडाक्षरांना नंबर द्यायचेच नाहीत, ती तुकड्यांतून बनवायची असं धोरण आहे आणि ते बरोबरच आहे, नाहीतर क्ष्म्य पासून र्त्स्न्य पर्यंत नंबर देत बसावं लागेल. पण तुकड्यांनी अडचण होते. र अधिक हलन्त (म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण) अधिक य लिहिलं की रफारच मिळणार, र्य. मग लटकता र कसा मागायचा? इथे दोन उत्तरं तयार झाली आणि माझ्या त्या २७ गायब दऱ्या याच दोन उत्तरांच्या मधे पडल्या होत्या.

पहिलं उत्तर भारतीय मानकाकडून आलं. युनिकोडचा देवनागरी भाग ज्यावरून उचलला ते इस्की नावाचं मानक, त्याची १९८८ ची आवृत्ती युनिकोडने पाया म्हणून घेतली, पुढे १९९१ मधे आयएस १३१९४ म्हणून ते पक्कं झालं. त्यात ऱ नावाचं अक्षर होतं, र च्या खाली टिंब. ते अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ठेवलेलं, मराठीत पूर्ण ऱ असा कधी कोणी लिहीत नाही, वर्णमालेतही तो नाही. पण या ऱ चं अर्धं रूप म्हणजे मराठीचा लटकता र असं ठरवून टाकलं. म्हणजे आपलं अक्षर दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतंय. नंबर ०९३१, पुढे हलन्त, पुढे य. संपलं.

दुसरं उत्तर युनिकोडच्या २.० आवृत्तीच्या, म्हणजे १९९६ च्या काळातलं. तिथे साध्या र ला हलन्त द्यायचा आणि मधे एक अदृश्य अक्षर घालायचं, शून्य रुंदीचा जोडक म्हणू, त्याचा नंबर २००डी. हा दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त बाजूच्या अक्षराला खूण करतो की बाबा रे तू अर्ध्या रूपातच थांब, डोक्यावर चढू नकोस. पुढे युनिकोडने टिंबवाला रस्ता धरला आणि अदृश्यवाला जुन्या मजकुरासाठी चालू ठेवला. म्हणजे दोन्ही बरोबर. दोन्ही सारखेच दिसतात. आणि कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही पूर्ण वेगळे शब्द, एक पाच नंबरांचा आणि एक सहा नंबरांचा.

हे घ्या, दोन शब्द टाइप करतो: दऱ्या आणि दर्‍या. पहिला टिंबवाल्या रस्त्याने, दुसरा अदृश्य जोडक घालून. तुम्हाला दोन्ही सारखेच दिसायला पाहिजेत. दुसऱ्याच्या जागी समुद्र दिसत असेल तर माझ्याकडून तुमच्यापर्यंत येताना वाटेत कुठल्यातरी प्रोग्रामने झाडू मारला आणि अदृश्य अक्षर केरात गेलं असं समजा. हे खरंच होतं, आणि या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात मोठा राग त्यावरच आहे. पुष्कळ सिस्टिम आलेल्या मजकुरातून न दिसणारी अक्षरं साफ करतात, त्यांच्या दृष्टीने तो कचरा किंवा कुणीतरी मुद्दाम घुसवलेला खोडसाळपणा. जोडक गेला की उरतो र, हलन्त, य, आणि दऱ्यांचा दर्या होतो, शेतकऱ्यांचा शेतकर्यांचा होतो. माझ्या एका मित्राच्या आडनावात ऱ्ह आहे, एका ऑनलाइन फॉर्मने (नाव नको) त्याचं आडनाव एका पानावर बरोबर दाखवलं आणि पुढच्या पानावर रफार देऊन, मग स्वतःच सांगितलं की दोन्ही नावं जुळत नाहीत. त्याने कुणाकडे गाऱ्हाणं न्यायचं? समोरचा माणूस म्हणतो तुम्हीच चुकीचं टाइप केलंय, आणि स्क्रीनवर बोट ठेवून दाखवण्यासारखं काही नाही कारण जे गेलं ते मुळात दिसतच नव्हतं. टिंबवाल्या ऱ ला हा धोका नाही. तो खरं अक्षर आहे, कोणी झाडू शकत नाही.

तर माझ्या फाइलमधे झालं होतं असं की पुस्तक तीन जणांनी टाइप केलेलं. एकाने जुन्या छपाईच्या फॉन्टमधे केलं होतं, ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमधे आणलेलं. जुन्या फॉन्टांची पद्धत एकदम वेगळी, तिथे अक्षर नव्हतंच, आकृती होती, रोमन अक्षरांच्या नंबरांवर मराठीचे तुकडे बसवलेले, लटकता र हाही एक तुकडा, कुठल्यातरी कळीवर. फॉन्ट बदलला की मराठीचं रोमन पिठलं. कन्व्हर्टर लिहिणाऱ्याने त्या तुकड्याच्या जागी अदृश्य जोडकवाला प्रकार टाकलेला. दुसऱ्याने फोनवर टाइप केलेलं, त्या कीबोर्डने सूचना म्हणून येणाऱ्या शब्दांत टिंबवाला वापरला आणि हाताने जुळवलेल्या शब्दांत काय वापरलं देव जाणे, दोन्ही सापडले. तिसऱ्याकडे इनस्क्रिप्ट. त्याच्या १०० पानांत एकही घोळ नव्हता. एकही नाही, मी मोजलं. तिथे मी त्या माणसाला फोन केला आणि विचारलं की तुम्ही काय करता, तर म्हणाला, काही नाही हो, शिफ्ट-जे.

आता रिव्ह्यूचा रिव्ह्यू. इनस्क्रिप्टमधे डावा हात स्वरांचा, उजवा व्यंजनांचा. साधी कळ म्हणजे मात्रा, शिफ्ट धरली की तोच स्वर पूर्ण. ई वर काना, शिफ्ट-ई वर आ. एफ वर पहिली वेलांटी, शिफ्ट-एफ वर इ. उजवीकडे के वर क, शिफ्टने ख. आय वर ग, शिफ्टने घ. एल वर त, शिफ्टने थ. म्हणजे कळींवरची रोमन अक्षरं पूर्ण विसरायची, त्यांचा काही संबंध नाही, के वर क आलाय तो योगायोग. हलन्त डी वर आहे आणि शिफ्ट-डी वर अ, हे मला फार आवडलं, कारण हलन्त म्हणजे अ काढून घेणं, एकाच कळीवर घेणं आणि देणं. ज्याने हे बसवलं त्याला बाराखडी आतून कळलेली होती.

मग दऱ्या कसं टाइप होतं बघा. ओ म्हणजे द, शिफ्ट-जे म्हणजे ऱ, डी म्हणजे हलन्त, तिरक्या रेघेची कळ म्हणजे य, ई म्हणजे काना. आणि दर्या? ओ, जे, डी, तिरकी रेघ, ई. पाचही कळी त्याच, त्याच क्रमाने, समुद्र आणि दरी यांच्यात फक्त एक शिफ्ट. हे पहिल्यांदा हाताला कळलं तेव्हा मी उगाचच वीसेक वेळा दर्या दऱ्या दर्या दऱ्या टाइप करत बसलो होतो. पहिल्या दिवशी एक धक्का बसतो, शिफ्ट-जे मारलं की स्क्रीनवर खाली टिंब असलेला र येतो आणि वाटतं चुकलं, हे काय भलतंच, मागे जा. थांबा. हलन्त द्या, य द्या, टिंब नाहीसं होतं आणि लटकता र तयार होतो. चांगला फॉन्ट हवा अर्थात, काही फॉन्टांत ही जोडणीच केलेली नसते, मग ते टिंब हलन्तासकट बोडकं तसंच उभं राहतं, पण तो दोष फॉन्टचा, आत गेलेली अक्षरं बरोबरच असतात, फॉन्ट बदलला की ठीक दिसतं.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे या कीबोर्डबद्दल. उच्चारावरून टाइप करणारी साधनं तुम्हाला शब्द देतात, इनस्क्रिप्ट तुम्हाला अक्षर देतो. तिथे तुम्ही रोमनमधे काहीतरी लिहिता, मधे कुणीतरी बसलेला असतो, तो अंदाज लावतो, पाच पर्याय दाखवतो, तुम्ही दिसायला बरोबर असलेला निवडता, आत काय गेलं ते त्यालाच माहीत. इथे मी एक कळ दाबली की एक नंबर आत जातो, तोच जातो, प्रत्येक वेळी. गप्पा मारायला, मेसेज करायला पहिला प्रकार उत्तम आहे, मी स्वतः फोनवर तोच वापरतो आणि मला त्याची लाज नाही. पण जो मजकूर पुढे शोधला जाणार आहे, छापला जाणार आहे, कुणाच्यातरी यादीत जुळवला जाणार आहे, तो अंदाजाने भरायचा म्हणजे जोखीम आहे. बोलून टाइप करण्याचं तर विचारूच नका, मी फोनला तीनदा स्पष्ट ‘दऱ्या’ म्हटलं, तीनदा दर्या आलं, चौथ्यांदा ‘दर या’.

एक तिसरा रस्ताही आहे, सांगून ठेवतो. इनस्क्रिप्टमधे उजव्या चौकोनी कंसाच्या कळीवर नुसतं टिंब म्हणजे नुक्ता आहे. साधा र, मग टिंब, मग हलन्त, मग य, असंही लिहिता येतं आणि दिसतं तेच. पण याचं विशेष काही वाटायला नको, कारण युनिकोडने ऱ म्हणजे र अधिक टिंब हे अधिकृतपणे एकच मानलंय, शहाणा प्रोग्राम तुलना करायच्या आधी दोन्ही एका रूपात आणतो. अदृश्य जोडकवाल्याचं असं नातं कुणाशीच मानलेलं नाही, म्हणून तो शोधताना सापडत नाही. उलट काही प्रोग्राम शोधताना अदृश्य अक्षरांकडे दुर्लक्ष करतात, मग जोडकवाली दरी शोधायला जावं तर समुद्र सापडतात आणि टिंबवाल्या दऱ्या तशाच राहतात. मी त्या रात्री हेही भोगलं.

आत काय आहे ते बघायची युक्ती: वर्डमधे अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा नंबर दिसतो. परत दाबलं की परत अक्षर. उलटही चालतं, ०९३१ लिहून ऑल्ट-एक्स मारलं की ऱ, फक्त आकडे रोमन लिहायचे, मराठी आकडे लिहिले तर काहीच होत नाही आणि माणूस दहा मिनिटं स्वतःला दोष देत बसतो (हो, मीच). २००डी दिसला की समजायचं अदृश्य पाहुणा आहे. मी आता कुठलीही फाइल आली की आधी सगळे र-हलन्त-जोडक शोधून त्यांच्या जागी ऱ-हलन्त टाकतो आणि मगच वाचायला घेतो. एक दळण आधी दळून घ्यायचं, मग पुढे शांतता.

आता तक्रारी, कारण फक्त कौतुक केलं तर तुम्ही म्हणाल याला कोणी कीबोर्ड फुकट दिलाय. (दिलाच आहे, पण तो सगळ्यांना.)

आकड्यांच्या ओळीवर शिफ्ट धरून तयार जोडाक्षरं मिळतात, ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. ४ वर चक्क रफार, र आणि हलन्त एका फटक्यात. म्हणजे रफाराला स्वतंत्र कळ आहे, जो तसाही जे-डी ने दोन कळींत होतो, आणि मराठीच्या लटकत्या र ला स्वतंत्र कळ नाही, ज्याला शिफ्टसकट तीन बोटांची हालचाल लागते. हा लेआउट सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकाच साच्यात केला, त्याचा फायदा खरा आहे, हे बोटांत बसलं की बंगाली किंवा गुजराती लिहिणाऱ्याचाही क त्याच कळीवर असतो. पण साचा एक म्हटला की आपली खास गरज मागे पडते ती अशी. नवीन माणूस साहजिकच शिफ्ट-४ कडे जातो, तिथे र् लिहिलेलं दिसतं ना, आणि शेतकर्यांना लिहून मोकळा होतो. हा सापळा आहे, त्याच्यापासून लांब राहा.

शिवाय प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाच्या जागी य खाली टिंब असलेलं अक्षर बसवलंय. ते मी दोन वर्षांत एकदाही वापरलेलं नाही, प्रश्न मात्र रोज विचारतो, आणि प्रत्येक प्रश्नाला इंग्रजी कीबोर्डवर जाऊन परत यावं लागतं. तीच गत न खाली टिंब असलेल्या अक्षराची. उजव्या करंगळीवरचा भार तर अन्याय म्हणावा असा आहे, च, ट, ड, य आणि त्यांचे शिफ्टवाले भाऊ सगळे तिच्या गळ्यात, ‘चट्टामट्टा’ टाइप करून बघा. पहिल्या महिन्यात माझी करंगळी खरंच दुखायची.

शिकायला किती वेळ? मला तीन आठवडे लागले चाचपडण्यातून बाहेर यायला आणि साधारण तीन महिने जुन्या वेगाला पोचायला. कळींवर चिकटवायचे स्टिकर घेऊ नका, नजर खाली जायची सवय लागते. लेआउटचं चित्र स्क्रीनच्या वर, भिंतीवर लावा. पहिल्या आठवड्यात फक्त उजवा हात, म्हणजे क ख ग घ त थ द ध वगैरे, मग मात्रा. मात्रा आल्यावर दोन हात आलटून पालटून पडायला लागतात, व्यंजन उजवा, मात्रा डावा, व्यंजन उजवा, मात्रा डावा, आणि त्यात एक छान लय येते, ढोलकीसारखी. ती आली की मग माणूस परत जात नाही.

ॲ बद्दल थोडं, कारण त्याचंही दुखणं याच जातीचं. बॅटमधला जो आवाज आहे तो शब्दाच्या सुरुवातीला आला की मराठीत ॲ लिहितो. त्याला युनिकोडमधे ०९७२ हा नंबर मिळाला तो २००८ मधे, ५.१ आवृत्तीत. पुढच्याच वर्षी, २००९ मधे, राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयातही ॲ आणि ऑ स्वरांमधे रीतसर आले. तोपर्यंत लोक काय करायचे, अ लिहून त्यावर ॅ चढवायचे, किंवा ए वरची चंद्रकोर म्हणजे ऍ वापरायचे, तो पहिल्यापासून होता पण तो हिंदीच्या वळणाचा. इनस्क्रिप्टमधे शिफ्ट-२ वर ॅ आहे, त्यामुळे अजूनही हात आपोआप शिफ्ट-डी, शिफ्ट-२ कडे जातो. करू नका. युनिकोडच्या पुस्तकात ही जोडी वापरू नका असं स्पष्ट कोष्टकच आहे, आणि इथे ऱ सारखं दोन्ही एकच मानायचं नातंही नाही, अ अधिक ॅ वेगळं आणि ॲ वेगळं ते कायमचंच. काही ठिकाणी अ च्या पुढे ॅ खाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं ना, ते यासाठीच, प्रोग्राम सांगतोय की ही जोडी मला मान्य नाही.

आणि ॲ उशिरा आला म्हणून त्याला जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर, मराठी आकड्यांच्याही मागे. आकडे ०९६६ पासून ०९६एफ पर्यंत, ॲ ०९७२. परिणाम काय, नुसत्या नंबरांच्या क्रमाने सूची लावली की ॲ ने सुरू होणाऱ्या नोंदी ज्ञ, ह सगळ्यांच्या पुढे, अगदी १, २, ३ च्याही खाली जाऊन पडतात. ळ चं उलट, तो आपल्या वर्णमालेत ह नंतर येतो पण नंबर ल आणि व च्या मधला. त्या किल्ल्यांच्या पुस्तकाची सूची मी अशीच एकदा आपोआप लावली होती, मग हाताने सरळ केली, तिथे कीबोर्ड कुठलाही असो, उपयोग नाही.

फोनवाल्यांसाठी एक ओळ: आयआयटी मुंबईचं स्वरचक्र बघा, व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उमलतं, कल्पना इनस्क्रिप्टच्याच घराण्यातली म्हणजे अंदाज नाही, अक्षर. आणि तुमचा जो कीबोर्ड असेल त्यात र दाबून धरून बघा, बहुतेकांत ऱ तिथेच दडलेला असतो.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक गुण कापला तो प्रश्नचिन्हाचा अर्धा आणि करंगळीचा अर्धा.

त्या पुस्तकाचं राहिलं. सगळे जोडक काढले, सगळ्या दऱ्या एकसारख्या केल्या, पण फोनवर टाइप झालेल्या भागात काही ठिकाणी आधीच कुठेतरी झाडू फिरलेला होता आणि तिथे रफार पडलेले, ते एकेक वाचून ठरवावे लागले. पहारेकर्यांच्या, पायर्यांवर, कोपर्यात, यांत शंका नव्हती. शेवटी एकच वाक्य उरलं: ‘माथ्यावर पोचलो आणि समोर दर्याच दर्या, नजर जाईल तिथवर!’ किल्ला कोकणाच्या तोंडावरचा. समुद्रही शक्य, दऱ्याही शक्य. व्याकरण मदत करेना, पुढचं वाक्य मदत करेना, नकाशा काढून अंतर मोजलं तरी कळेना. शेवटी लेखकांना फोन केला, म्हटलं सर, पान १८३, तिथे समुद्र दिसला होता का दऱ्या?

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अहो, त्या दिवशी इतकं धुकं होतं ना, मला काहीच दिसलं नव्हतं.”